विहिरीतली थ्री नॉट थ्री

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मळ्यातली विहीर पार तळाला गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा. पाणी नाही तर निदान गाळ तरी काढून ठेवू, म्हणून दादांनी दोन गडी लावले. खाली दोघं कुदळीनं उकरायचे, वर आम्ही टोपली ओढायचो आणि थारोळ्याच्या पलीकडं गाळ ओतायचो. तिसऱ्या दिवशी खालून आवाज आला, "मालक, लोखंड लागलंय!"

कुणाला वाटलं मोटेचा कणा असेल, कुणाला वाटलं पहार. दोर बांधून वर घेतलं आणि बादलीभर पाण्यानं धुतलं तर बंदूक. लाकूड फुगून भुसभुशीत झालेलं, हात लावला की सुटून पडायचं. नळी गंजून खरबरीत. पोटाखाली गोळ्यांची चौकोनी पेटी तेवढी ओळखू येत होती. गडी खूश झाले, त्यांना वाटलं आता हंडाही निघतो की काय.

आमचा आजा लिंबाखाली बसला होता. दादांनी त्याच्याकडं बघितलं. आजानं बंदुकीकडं बघितलंच नाही. तंबाखू मळता मळता म्हणाला, "पोलीस पाटलाला सांगा." एवढंच. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. पंचनामा झाला, पंच म्हणून गावातल्या दोघांचे अंगठे घेतले, बंदूक पोत्यात बांधून सायकलीच्या कॅरिअरला लावून नेली. विषय संपला. गावात चार दिवस चर्चा झाली, मग दुष्काळी कामाच्या हजेरीपुढं सगळे ते विसरले.

मी मात्र विसरलो नाही. कारण दोन दिवसांनी गाळाच्या ढिगात मला एक पितळी तुकडा सापडला. तळहाताएवढा, वरच्या टोकाला वळलेला, स्क्रूची दोन भोकं आणि मधोमध एक बारकं झाकण. लाकूड कुजलं तसा तो सुटून गाळात पडला असणार. चिंचेनं घासला तर पिवळाधमक निघाला. वळणावर ठोकलेला आकडा दिसला: ८७. मी तो कुणाला दाखवला नाही. कोनाड्यात, जात्याच्या खुंट्याच्या मागं ठेवून दिला. पुढं आईला तो सापडला. तिला वाटलं, असेल औताचा, पंपाचा काही भाग. दर दसऱ्याला विळे, खुरपी, कुऱ्हाड पुजायची तेव्हा तीच त्यालाही हळदकुंकू लावायची.

ही वस्तू काय आहे ते मला कळलं दहा वर्षांनी. दहावी झाल्यावर शेतीच होती, पुढं शिकायचा प्रश्न आला नाही. गावातल्या पोरांबरोबर मी होमगार्डात गेलो. नांदेडला शिबिर होतं. उस्ताद हिंदीत शिकवायचा. पहिल्या दिवशी त्यानं हातात रायफल दिली आणि सांगितलं, ही थ्री नॉट थ्री, हिचं वजन चार किलो, आजपासून ही तुमची बायको. (हे वाक्य प्रत्येक उस्ताद प्रत्येक तुकडीला सांगत असावा.) मग त्यानं रायफल उलटी केली, दस्त्याच्या बुडाचं पितळी झाकण अंगठ्यानं दाबलं, आणि आतनं तेलाची कुपी आणि पुल-थ्रूची दोरी बाहेर काढली. नळी साफ करायची चिंधी त्या दोरीला बांधतात. बाकीची पोरं दोरीकडं बघत होती. मी झाकणाकडं बघत होतो. आमच्या कोनाड्यातलं झाकण ते हेच.

चांदमारीला प्रत्येकाला पाच राउंड मिळाले. पडून नेम धरायचा, दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा, श्वास अर्ध्यावर थांबवायचा. पहिल्या फैरीला मी दस्ता सैल धरला. त्या रायफलीची लाथ खाल्ल्यावर दुसऱ्या वेळी कुणाला सांगावं लागत नाही. खांदा आठवडाभर काळानिळा होता. पण खरं सांगतो, मजा आली. बोल्ट वर करून मागं ओढला की रिकामी पुंगळी टणकन बाहेर पडते, पुढं ढकलला की नवी गोळी आत जाते, सगळं कसं तेल घातलेल्या कडीसारखं. शेवटी पुंगळ्या मोजल्या तर एक कमी भरली. तासभर आम्ही तीस जण गवतात गुडघ्यावर रांगत होतो. सापडली तेव्हा जेवण मिळालं.

मग मला नादच लागला. जिथं मिळेल तिथं या रायफलीविषयी वाचायचं, माजी सैनिक भेटला की विचारायचं. ली नावाच्या माणसानं हिचा बोल्ट आणि गोळ्यांची पेटी शोधली. तो जन्मानं स्कॉटलंडचा. लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात ती बनली, म्हणून ली-एनफिल्ड. १८९५ ला पहिली आली, १९०७ ला तिचं आखूड आणि पक्कं रूप ठरलं. नळीचं भोक इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग, म्हणून थ्री नॉट थ्री. पेटीत दहा गोळ्या. शिकलेला शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून मारायचा. इंग्रजांनी हुगळीकाठी ईशापूरला कारखाना काढला आणि ती आपल्याच देशात बनू लागली. जालियनवाला बागेत १९१९ ला ज्या १,६५० फैरी झाडल्या त्या याच जातीच्या रायफलीतून. दोन्ही महायुद्धांत आपली माणसं हीच घेऊन लढली. बासष्टला चीनसमोर आपल्या जवानांच्या हातातही हीच होती. आणि २००८ ला मुंबईच्या सीएसटी स्टेशनात एके-४७ पुढं आपले पोलीस उभे राहिले तेव्हाही हीच. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर २०२० च्या २६ जानेवारीला संचलन करून तिला निरोप दिला. एका अवजाराचं एवढं आयुष्य मी दुसरं पाहिलं नाही. आमची मोट गेली, लाकडी नांगर गेला.

पण ती आमच्या विहिरीत कुठून आली?

त्यासाठी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसकडं जावं लागतं. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामाच्या राज्यात राहिलो. रझाकार ही संघटना. तिचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. आमच्या बाजूला बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ च्या ऑक्टोबरातच गोविंदराव पानसऱ्यांना मारलं होतं. अर्जापूरला त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. पुढं दोन वर्षं खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ. आमची आजी सांगायची, रझाकार आले असं कळलं की बायका-पोरं ज्वारीच्या रानात जाऊन बसायची, आणि पोर रडू नये म्हणून त्याच्या तोंडात पदर घालायची.

निजामाची फौज वीस-बावीस हजारांची होती असं सांगतात. रझाकार दोन लाखांपर्यंत, पण त्यांच्यातल्या चौथ्या हिश्शाजवळच नवी हत्यारं. बाकीच्यांजवळ भरमार बंदुका, तलवारी, भाले. हत्यारं कमी पडत होती म्हणून सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून आणायचा आणि बीदर, वरंगलला उतरवायचा. नंतर विलायतेत त्याच्यावर खटला होऊन २०० पौंड दंड झाला. आमच्या मराठवाड्याची दोन वर्षं आणि दंड दोनशे पौंड!

दुसरीकडं सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. आमच्या जवळचा पैनगंगेपलीकडचा उमरखेडचा. तो वऱ्हाडात, म्हणजे हिंदुस्थानच्या हद्दीत. तिथल्या लोकांनी १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटली. धर्माबादहून नांदेडची गाडी धरली की थोड्याच वेळात उमरी लागतं. गाडीत कुणी म्हातारा असला की तो खिडकीतून बोट दाखवून बँकेची गोष्ट सांगायचाच. लाखो रुपये नदीपार नेले आणि त्याचा हिशेब संघटनेला दिला. अनंत भालेरावांनी 'पेटलेले दिवस'मध्ये त्या दिवसांविषयी लिहिलं आहे, ज्याला नीट समजून घ्यायचं त्यानं ते वाचावं.

तर माझा अंदाज सरळ होता. लहानपणापासून १७ सप्टेंबरचं झेंडावंदन केलेला मी. मला वाटायचं, आमच्या विहिरीतली बंदूक कॅम्पवाल्यांची असणार, आणि आमच्या आज्यानं ती लपवली असणार. मनातल्या मनात मी आज्याला ताम्रपटही देऊन टाकला होता. आजा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याला विचारायची हिंमत मला कधी झाली नव्हती.

१९९६ च्या पावसाळ्यात दादा आजारी होते. एका संध्याकाळी मी तो पितळी तुकडा त्यांच्या खाटेवर ठेवला आणि विचारलं, "दादा, ही बंदूक कॅम्पवाल्यांची होती का?"

दादा बराच वेळ तो हातात फिरवत राहिले. म्हणाले, "हे तुझ्यापाशी हाय व्हय? मला वाटलं समदंच पोलिसांनी नेलं." मग म्हणाले, "कॅम्पवाल्याची कुठली. तुझ्या आज्यानंच टाकली ती. मी होतो की संगं. कंदील म्या धरला होता."

अठ्ठेचाळीसला दादा अकरा वर्षांचे. १३ सप्टेंबरला हिंदी फौज शिरली, १७ ला निजामानं शरणागती सांगितली. त्यानंतरच्या तिसऱ्या का चौथ्या रात्री आमच्या मागच्या दारावर थाप पडली. गावातलाच माणूस. त्याचं नाव मी लिहीत नाही. आज्याच्या तालमीतला जोडीदार. मोहरमला दोघं मिळून सवारी उचलायचे. नोकरीला तो हैदराबादकडं असायचा, फौजेत म्हणायचे. अंगावर साधं धोतर, डोक्याला आमच्यासारखं मुंडासं, आणि घोंगड्यात गुंडाळलेली रायफल. म्हणाला, "नाना, ही माझ्यापाशी सापडली तर मला मारतील. नाही सापडली तरी मारतील. पण निदान ही घे."

आज्यानं त्याला बळदात उतरवलं. बळद म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. सप्टेंबरात ते रिकामंच असतं. चार दिवस तो तिथं होता. आजी वरून भाकरी सोडायची. शेजाऱ्याला संशय येऊ नये म्हणून ती रोजच्यापेक्षा जास्त भाकरी थापत नव्हती. स्वतःची त्याला द्यायची.

त्या दिवसांत बाहेर काय चाललं होतं हे आमच्याकडं झेंडावंदनाच्या भाषणात येत नाही. रझाकारांनी केलं ते केलं. त्यानंतर जे झालं ते ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावरही आलं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अहवाल कितीतरी वर्षं बंद होता, २०१३ च्या सुमारास तो लोकांना बघायला मिळाला. सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून त्यात चार जिल्हे सांगितलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमचं नांदेड. साऱ्या संस्थानात मेलेल्या मुसलमानांचा अंदाज २७ ते ४० हजार. विहिरींचाही उल्लेख आहे त्यात. मी तो मजकूर वाचला तेव्हा उठून मळ्यात गेलो आणि आमच्या विहिरीच्या काठावर बसलो. आमच्या विहिरीत बंदूकच निघाली, हे काही थोडं नाही.

पाचव्या रात्री आजा, दादा आणि तो असे तिघं मळ्यात आले. विहिरीत रायफल टाकायच्या आधी त्यानं बोल्ट काढून घेतला. दादा म्हणाले, "अंधारातच, न बघता काढला. सवय व्हती त्याला." बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी. तो बोल्ट त्यानं धोतराच्या सोग्यात बांधला, म्हणाला पुलावरून गोदावरीत टाकतो. मग आज्यानं त्याला रेल्वेच्या रुळापर्यंत नेऊन सोडलं. धर्माबादच्या पुढं रूळ धरून गेलं की बासर, पुढं नदीवरचा पूल, पलीकडं निजामाबाद. त्याची बायको-पोरं आधीच तिकडं गेली होती.

मी विचारलं, "पोहोचला का?"

"कागद नाई की पत्तर नाई."

"दादा, तो फौजेतलाच होता ना? रझाकार नव्हता ना?"

दादा म्हणाले, "आज्यानं इचारलं नाई."

"तुम्हाला काय वाटतं?"

दादांनी कूस बदलली. बऱ्याच वेळानं भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "त्या उन्हाळ्यात गाव लुटायला आले ते तोंडं बांधून आले होते. पण त्यातल्या एकाला आमच्या घराचं मागचं दार ठाऊक होतं."

यापुढं दादा बोलले नाहीत. दोन महिन्यांनी ते गेले. आजा आयुष्यभर का गप्प बसला ते मला त्या दिवशी कळलं. गावात कुणी म्हणालं असतं की रझाकार लपवला, तर आमच्या घरी पाणी प्यायला कुणी आलं नसतं. त्या माणसाचं घर पुढं पडलं. पत्रे, दारं, चौकटी गेल्या. त्यातली कोणती चौकट कुणाच्या घराला लागली आहे हे गावाला ठाऊक आहे. कुणी बोलत नाही.

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत. पाचेक वर्षांपूर्वी त्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्याचा गोरा सहकारी सुटीच्या दिवशी चांदमारी करतोय आणि हातात थ्री नॉट थ्री! "काका, यावर ईशापूर लिहिलंय." तिकडं जुन्या लष्करी रायफली जमवायचा आणि चालवायचा छंदच आहे लोकांना. आपल्याकडून मोडीत निघालेल्या ईशापूरच्या रायफली तिकडं पोत्यानं गेल्या. आता ते लोक त्यांच्यावरचा एकेक शिक्का भिंगातून वाचतात. साल कोणतं, मुकुट आहे की अशोकस्तंभाचे सिंह, लाकूड मूळचं की बदललेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोल्टावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर जुळतो का. जुळला तर किंमत वाढते.

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आपल्याकडं थ्री नॉट थ्री हा प्रतिबंधित बोअर. साध्या माणसाला ती ठेवता येत नाही. परवाना मिळाला तर तीनशे पंधराची मिळते, सरकारी कारखान्यात त्याच धर्तीवर बनलेली. पीकसंरक्षणाला कायद्यात भरमार बंदूक आहे, पण मिळवायला जोडे झिजतात, आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची. तेवढ्यात रानडुकरं हरभरा खाऊन जातात. असो. रायफलींचा माझा संग्रह म्हणजे एक पितळी तुकडा, त्याला कोणता परवाना लागणार!

त्या तुकड्याचे फोटो मी पुतण्याला पाठवले. गोऱ्यानं उत्तर दिलं: हा ली-एनफिल्डच्याच दस्त्याचा तळ. ८७ हा कारखान्याचा नंबर नव्हे, तो शस्त्रागारातल्या घोडीवरचा नंबर असावा. म्हणजे ही रायफल कुठल्यातरी कोतमध्ये ओळीनं, ८६ आणि ८८ च्या मधी उभी असायची. विमानातून उतरवून वाटलेली दिसत नाही. पण पुढं तो असंही म्हणाला की पोलिसांना इंग्रज पूर्ण रायफल देत नसत. त्याच सांगाड्यात चारशे दहाची नळी बसवून, एका वेळी एकच गोळी मावेल अशी मस्कट करून देत. बाहेरून दोन्ही सारख्याच. ती असेल तर मालक पोलीस, नाहीतर फौजी. नळी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

नळी १९७२ साली पोत्यात बांधून गेलेली. तरी मी चौकशीला गेलो. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत. शेवटी एका बाबूनं सांगितलं, त्या सालचे कागद वाळवीनं खाल्ले, उरलेले रद्दीत गेले. रायफल भट्टीत गेली असेल. मग माझ्याकडं चहा मागितला. मी पाजला.

समजा कळलं असतं की ती फौजेतलीच होती, तरी काय? फौजेतला शिपाई रजेवर येऊन तोंड बांधून निघू शकतो. आणि ज्याला आमचं मागचं दार ठाऊक, तो त्या रात्री गावाला आमच्या घरापासून लांब नेऊ शकतो. त्या लुटीत आमचं घर लुटलं गेलं की वाचलं, हे दादांना विचारायचं राहूनच गेलं.

पुलावरून मी आता वर्षातून दोनदा तरी जातो, बासरला सरस्वतीचं दर्शन करून नातवंडांना घेऊन पुढं निजामाबादला, कधी तिथंच मिरचीच्या पट्टीसाठी. धर्माबाद सुटलं की बायका पर्समधून नाणी काढून ठेवतात. गोदावरी आली की खिडकीतून टाकतात आणि हात जोडतात. मागच्या खेपेला नातवाला मी दोन रुपये दिले. त्यानं टाकले आणि विचारलं, "आबा, पाण्यात पडलेलं गंजतं का?"

मी म्हणालो, "लोखंड गंजतं. पितळ राहतं."